रनरपासून रोबोपर्यंत: प्लॅस्टिकचं मॉडेल किट जोडायचं कसं आणि पारखायचं कसं

फौंड्रीत साचा फोडला की कास्टिंग एकटं बाहेर येत नाही. त्याला रनर, म्हणजे रस वाहत गेलेली जाड पट्टी, चिकटलेला असतो, आणि रनरला जॉबशी जोडणारे बारीक दांडे, म्हणजे गेट, चिकटलेली असतात. ती तोडून, घासून जॉब साफ करायचा म्हणजे फेटलिंग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) आणि डाय (पोलादी साचा) यांच्या कामात माझी वीस वर्षं गेली, त्यामुळं हे शब्द माझ्या रोजच्या तोंडातले. सात वर्षांपूर्वी माझा भाचा रोबोचं पहिलं किट घेऊन घरी आला, खोक्यातनं पार्ट चिकटलेली प्लॅस्टिकची चौकट काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “मामा, हे कुठनं कापायचं?” बघतो तर रनर, गेट, साच्याचे दोन भाग मिळतात तिथली पार्टिंग लाइन, पार्ट बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे, सगळं ओळखीचं. आमच्याकडं लोखंड १४०० अंशांच्या आसपास ओततात, इथं पॉलिस्टायरीन २०० अंशांच्या वर तापवून दाबानं पोलादी डायमध्ये भरलेलं. बाकी विद्या एकच.

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून तीसेक किटं जोडली. मला जे वाटतं ते आधीच सांगतो. किट चांगलं जोडणं म्हणजे गेट चांगलं कापणं. आणि किट पारखणं म्हणजे डाय करणाऱ्यानं गेट आणि सांधा कुठं लपवलाय हे शोधणं. खाली जे लिहिलंय ते सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

पहिलं किट कुठलं घ्यायचं

या नादाची सुरुवात जपानमधली. १९७९ साली तिथं ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका टीव्हीवर आली आणि १९८० च्या जुलैत बंदाई कंपनीनं त्यातल्या रोबोचं पहिलं किट काढलं, किंमत ३०० येन. गंडम आणि प्लॅस्टिक मॉडेल मिळून ‘गनप्ला’ हा शब्द झाला. आज ही किटं जिथं बनतात ते शिझुओका शहर जपानी मॉडेल उद्योगाचं माहेरघर आहे. आपल्याकडं ओतकामाचं नाव निघालं की उद्यमनगर आठवतं, तसं.

खोक्यावर इंग्रजी अक्षरं असतात, ती ग्रेडची. एचजी म्हणजे हाय ग्रेड, १९९० पासून. बहुतेक १/१४४ प्रमाणात. मूळ गंडमची कल्पित उंची १८ मीटर, म्हणजे या प्रमाणात साडेबारा सेंटिमीटर. एमजी म्हणजे मास्टर ग्रेड, १९९५ पासून, १/१०० प्रमाण, तोच रोबो १८ सेंटिमीटरचा होतो आणि आत वेगळा सांगाडा असतो. पीजी म्हणजे परफेक्ट ग्रेड, १९९८ चं, १/६० प्रमाण, उंची ३० सेंटिमीटर. २०१० मध्ये आलेलं आरजी, म्हणजे रियल ग्रेड, उंचीला एचजीएवढंच, पण पार्ट भरपूर आणि बारीक.

पहिल्यांदा एचजीच घ्या. घरात लहान पोर असेल आणि कापाकापी नको असेल तर एन्ट्री ग्रेड घ्या, त्याचे पार्ट हातानंच सुटतात. आरजी बघून मोह पडतो, पण पहिल्या किटाला ते घेऊ नका. नखाएवढ्या पार्टवर तीन-तीन गेट असतात आणि हात अजून बसलेला नसतो. मोठं किट म्हणजे अवघड किट, हाही गैरसमज आहे. एमजी वेळ जास्त खातं, पण पार्ट हाताला नीट लागतात.

स्वस्तातली नकली किटं ऑनलाइन खूप दिसतात. खोक्यावर कंपनीचं नाव नसतं किंवा नावासारखं काहीतरी असतं. त्यांच्या मागं जाऊ नका. पार्ट जोडताना खुंटी भोकात एकतर जातच नाही, नाहीतर गेली की हलत राहते, आणि नवशिक्याला वाटतं की चूक आपलीच. अशानं नाद लागायच्या आधीच सुटतो.

हत्यारं

पैसे घालवायचे असतील तर निपरवर घाला, बाकी सगळं घरचं आणि बाजारातलं चालतं. निपर म्हणजे प्लॅस्टिक कापायचा बारीक कटर, एक बाजू सपाट असलेला. वायरमनचा कटर वापरू नका. तो तार दोन्ही बाजूंनी चिमटून तोडतो, प्लॅस्टिकही तसंच चेपतो आणि पार्टला पांढरा डाग पडतो. चांगला निपर घेतल्यावर त्यानं फक्त प्लॅस्टिकच कापायचं. घरात कुणी त्यानं तार कापली की धार गेली म्हणून समजा.

लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानातनं ४००, ६००, ८०० आणि १००० नंबरचे वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारे घासायचे कागद, आणा. आइस्क्रीमच्या काडीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीनं डकवले की कानशी तयार. महाद्वार रोडवर बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात नखं घासायचा बफर मिळतो, तो शेवटच्या हातासाठी उत्तम. एक चिमटा, एक बारीक पात्याचा चाकू, आणि डाव्या बाजूनं पडणारा टेबल लॅम्प. लॅम्पला कमी लेखू नका. खरवड, पांढरा डाग, राहिलेला गेट, हे सगळं तिरप्या उजेडातच दिसतं.

कापायच्या आधी

खोकं उघडलं की लगेच निपर हातात घेऊ नका. सगळ्या चौकटी पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून बघा. प्रत्येक चौकटीला एक अक्षर असतं आणि प्रत्येक पार्टला नंबर, म्हणजे ‘बी ७’ शोधायचं तर बी चौकटीवर सात नंबर. पुस्तिका जपानीत असली तरी बिचकायचं कारण नाही, चित्रं बघून सगळं कळतं. पार्ट कुठल्या दिशेनं बसवायचा याच्या खुणा आणि ‘दोन नग करा’ असा गुणिले दोनचा आकडा, एवढं नीट बघितलं तरी निम्म्या चुका टळतात.

चौकटीच्या पट्टीवर प्लॅस्टिकची जात कोरलेली असते, तीही वाचा. पीएस म्हणजे पॉलिस्टायरीन, बाहेरच्या चिलखताला. एबीएस हे चिवट प्लॅस्टिक, सांगाड्याला आणि सांध्याला. पीई म्हणजे मऊ पॉलिथिलीन, त्याचे करडे पॉलिकॅप, म्हणजे खुंटी धरून ठेवणाऱ्या टोप्या, सांध्याच्या आत बसतात. हे का वाचायचं, ते रंगाच्या भागात येईल. मी न वाचल्यामुळं रोबोचा एक पाय गमावला आहे.

गेट कापणं

इथं घाई केली की पुढचं सगळं वाया जातं.

गेटला कधीही एका घावात पार्टच्या अंगालगत कापायचं नाही. निपरचं पातं आत शिरतं तेव्हा प्लॅस्टिकला दोन्हीकडं सरकायला जागा लागते. एका बाजूला जाड रनर असला की ती जागा मिळत नाही, सगळा ताण पार्टवर येतो. त्या ताणानं आत सूक्ष्म चिरा पडतात, उजेड त्यातनं विखुरतो आणि तिथं पांढरं दिसायला लागतं. काळ्या-निळ्या पार्टवर हा डाग लांबनंही ओळखू येतो.

म्हणून पहिला घाव लांब घाला, पार्टपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून. पार्ट चौकटीतनं मोकळा झाला. आता तो हातात धरा, निपरची सपाट बाजू पार्टकडं, आणि उरलेला गेट अर्धा मिलिमीटर ठेवून कापा. या घावाला तुकडा हलका असतो, तो उडून जातो, पार्टवर जोर येत नाही. कापताना आवाज ऐका. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला तर पातं जोरानं गेलंय, ‘चक्’ असा मऊ आला तर बरोबर. माझ्या भाच्याला हा आवाज ओळखायला दोन किटं लागली. आता तो पाठ फिरवून बसला असला तरी माझा घाव चुकलेला सांगतो.

उरलेला अर्धा मिलिमीटर चाकूनं सोलायचा. बटाट्याची साल काढतो तशी पातळ-पातळ काप काढत, पातं आपल्या अंगठ्याकडं न आणता. मग ४०० नंबर अगदी चार-दोन हात, फक्त उंचवटा जाईपर्यंत. त्यानंतर ६००, ८००, १०००, प्रत्येक पुढचा कागद आधीच्या ओरखड्यांना आडवा फिरवायचा म्हणजे जुने ओरखडे गेलेले दिसतात. पेपर पाण्यात बुडवून घासलं की भुकटी साठत नाही. शेवटी तर्जनीचं टोक त्या जागेवरनं फिरवा, डोळे मिटून. डोळ्याला जे सपाट दिसतं ते बोटाला बऱ्याचदा उंच लागतं. पॅटर्न शॉपमध्ये आम्ही लाकडाचा पॅटर्न असाच तपासतो.

पारदर्शक पार्टना वेगळा नियम. ते ठिसूळ असतात. पहिला घाव आणखी लांब घाला आणि दुसऱ्या घावाच्या ऐवजी थेट घासत या. तडा गेलेली काच परत येत नाही.

पांढरा डाग पडलाच तर? हलका असेल तर नखानं दाबून घासा, किंवा वरवर पेपर मारा. केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा दोन-चार सेकंद दिली तर बारीक डाग बराच कमी होतो, पण पार्ट पातळ असेल तर वाकेल, तेव्हा हाताच्या अंतरावरनंच.

गंडमच्या कपाळावर पिवळी शिंगं असतात. त्यांच्या टोकांना मुद्दाम चपटी जाड पट्टी ठेवलेली असते, लहान मुलांना टोचू नये म्हणून. घरात लहान मूल नसेल तर ती पट्टी कापा आणि टोक ४०० नंबरनं मागच्या बाजूनं निमुळतं करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि चेहरा एकदम जिवंत होतो. अख्ख्या किटात एवढ्या कमी कष्टात एवढा फरक पाडणारी दुसरी जागा नाही.

जोडणं

रोबोचे दोन्ही हात एकदम जोडायला घेऊ नका. आधी एक हात पूर्ण करा, तो समोर ठेवा आणि त्याच्याकडं बघत दुसरा करा. उजवा-डावा पार्ट उलटा बसणं ही नवशिक्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक, ती यानं जवळजवळ संपते. दोन अर्धुकं दाबायच्या आधी आत पॉलिकॅप बसवलाय ना, एवढं एकदा बघा. बंद झालेलं मांडीचं चिलखत परत उघडताना खुंट्या तुटतात. उघडायचंच असेल तर फटीत चाकूचं पातं न घालता जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा कोपरा घाला.

सांधा सैल वाटला तर खुंटीवर फेविक्विकचा पातळ थर लावा, पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. ओला असताना बसवला तर कायमचा जाम. पारदर्शक पार्टच्या जवळ मात्र फेविक्विक उघडूही नका. त्याच्या वाफेनं पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी साय धरते.

स्टिकर बोटानं लावायचे नाहीत, बोटाचं तेल लागलं की कडा उचलतात. चिमट्यानं ठेवा आणि टूथपिकच्या बोथट बाजूनं मधून कडेकडं दाबत या.

दोन अर्धुकांमधली रेघ, म्हणजे सांध्याची फट, दिसत असेल आणि खटकत असेल तर मॉडेल सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून चिकटवणारा गोंद, लावून दाबा. कडेनं वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक मणी बाहेर आला पाहिजे. मग दोन दिवस हात लावू नका. लवकर घासलं तर रेघ थोड्या दिवसांनी खाली बसते आणि परत दिसते. हे पहिल्या दोन-तीन किटांना करायची गरज नाही.

रेघा आणि रंग

चिलखतावर ज्या खाचा असतात त्यांना पॅनेल लाइन म्हणतात. त्यात गडद रंग भरला की साडेबारा सेंटिमीटरचं खेळणं १८ मीटरचं यंत्र वाटायला लागतं. पांढऱ्या पार्टवर करडी, लाल-पिवळ्यावर तपकिरी, निळ्यावर काळी. सगळीकडं काळी रेघ मारली की रोबो पेनानं रंगवलेला दिसतो. सुरुवातीला बारीक टोकाचा मार्कर घ्या, खाचेतनं फिरवा, बाहेर गेलेलं इअरबडनं पुसा. पांढऱ्यावर ०.३ ची पेन्सिल पण छान चालते.

पातळ एनॅमल रंग खाचेत टेकवला की तो आपोआप धावत जातो, बघायला फार सुंदर दिसतं. तिसऱ्या किटाला मी तोच वापरला, जोडलेल्या रोबोवर, न थांबता. एनॅमलचं थिनर एबीएसमध्ये आणि ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकमध्ये मुरतं आणि ते ठिसूळ करतं. रात्री घोट्याचा सांधा हलवला आणि तो बिस्किटासारखा तुटून हातात आला. तेव्हापासून नियम: एनॅमल लावायचा तर पार्ट सुटे असताना, त्यावर आधी ग्लॉस कोटचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक, थर देऊन, आणि एबीएसला अजिबात नाही. चौकटीवरची अक्षरं वाचा म्हणतो ती यासाठी.

मॅट कोट आणि कोल्हापूरचा पाऊस

शेवटी मॅट कोटचा फवारा मारला की प्लॅस्टिकची चकाकी जाते, घासलेल्या जागा आणि न घासलेल्या जागा एकसारख्या होतात. गेटच्या खुणा लपवायला याच्यासारखा उपाय नाही. पण आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की फवारा मारायचाच नाही. थिनर झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि मॅटच्या जागी पिठूळ पांढरा थर येतो. आषाढात एकदा पाऊस थांबलेला बघून मी गच्चीवर फवारा मारला, निळी छाती राखाडी झाली. कोरड्या दिवसाची वाट बघून त्यावर ग्लॉस आणि मग पुन्हा मॅट मारला तेव्हा ती राखाडी छटा बरीचशी निघाली.

दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस यासाठी सगळ्यात चांगले. ऊन चढल्यावर, वारा नसताना, गच्चीवर, तोंडाला मास्क बांधून. डबा २०-३० सेंटिमीटर लांब धरा, फवारा पार्टच्या बाहेर सुरू करा, बाहेरच संपवा. दोन-तीन पातळ थर, मध्ये अर्धा तास. डोळे आणि पारदर्शक पार्ट आधी काढून ठेवा, मॅट कोटनं ते धुरकट होतात. पावसाळ्यात किटं जोडायची आणि हिवाळ्यात फवारायची, असा आमच्या घरी आता वर्षाचा क्रमच झालाय.

किट पारखणं

आता दुसरं काम. किट चांगलं की वाईट हे सांगताना सगळ्यात आधी किटाचा दोष आणि हाताचा दोष वेगळा करता आला पाहिजे. याची परीक्षा सोपी आहे. जी खोट चौकटीत असतानाच दिसते ती डायची: पातळ पापुद्रा, आत ओढला गेलेला खड्डा, नीट न भरलेलं टोक. म्हणून कापायच्या आधी सगळ्या चौकटी तिरप्या उजेडात बघायच्या आणि वहीत लिहायचं. जी खोट डाव्या-उजव्या दोन्ही पार्टवर त्याच जागी येते ती बहुतेक किटाची. एकाच बाजूला आली तर आधी आपला हात तपासा.

मग गेटकडं बघा. चांगल्या डायवाल्यानं गेट अशा कडेला दिलेला असतो जी जोडल्यावर दुसऱ्या पार्टखाली जाते. काही किटांत तो पार्टच्या खालच्या अंगाला असतो, त्याला अंडरगेट म्हणतात. कापायला दोन घाव जास्त लागतात, पण बाहेर खूण उरत नाही. छातीच्या मधोमध गेट असेल तर त्या किटाचे गुण मी तिथंच कापतो. तसंच सांध्याच्या रेघेचं. हाताची दोन अर्धुकं जोडल्यावर रेघ मधोमध दिसते, की ती चिलखताच्या कोपऱ्यावर नेऊन पॅनेल लाइनसारखी दाखवलीय? दुसरं जमलेलं असेल तर त्या माणसाला मनातनं नमस्कार करावा.

रंगाचं बघताना स्टिकर मोजा. एकाच चौकटीवर चार रंगांचं प्लॅस्टिक ओतायची विद्या बंदाईकडं कधीपासून आहे, त्यामुळं डोळे आणि बारीक खुणा सोडून मोठ्या जागांना स्टिकर लागत असतील तर मी ते उणं धरतो. पुस्तिका, पार्टची संख्या यांचं मला फारसं काही वाटत नाही. जास्त पार्ट म्हणजे चांगलं किट नव्हे.

हालचाल तपासायला हात ओढून बघणं पुरेसं नाही. रोबोला एक गुडघा टेकवून बसवा. मांडीला पोटरी भिडते का, टाच उचलली तरी पंजा जमिनीवर सपाट राहतो का, कंबर पुढं झुकते का, सगळं या एका बसणीत कळतं. मग उभा करा, पाय फाकवून, खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरलेला पैलवान पवित्रा घेतो तसा. घोटा बाजूला वळला आणि तळवा जमिनीला पूर्ण टेकला तरच तो पवित्रा खरा दिसतो. घोटा वळत नसेल तर रोबो पायाच्या कडेवर उभा राहतो आणि कितीही सुंदर असला तरी लटका वाटतो. शेवटी बंदूक हातात देऊन हात खांद्याएवढा वर करा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी किती खाली आलाय ते बघा. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. नव्या किटाचा सांधा सगळ्यांचाच घट्ट असतो.

जोडलेलं मॉडेल पारखायचं असेल, समजा दोघा मित्रांच्यात कुणाचं चांगलं ते ठरवायचंय, तर पहिली नजर पाठीकडं टाका. समोरनं सगळेच काळजी घेतात. पाठीवरचा गेट, तळव्याखालची खरवड, काखेतला पांढरा डाग यावरनं माणूस किती मन लावून बसला होता ते कळतं. भाच्याच्या पहिल्या रोबोच्या तळव्याखाली सात गेट तसेच होते. गेल्या हिवाळ्यात त्यानं केलेल्या एमजीच्या तळव्याखाली मला एकही सापडला नाही, आणि मी भिंग घेऊन शोधत होतो.

जपून ठेवणं

मॉडेल खिडकीत ठेवू नका. उन्हानं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि ते परत पांढरं करणं कटकटीचं असतं. काचेचं कपाट नसेल तर महिन्यातनं एकदा मऊ ब्रशनं धूळ झाडा, फडक्यानं पुसू नका, स्टिकरच्या कडा निघतात. किट झाल्यावर रिकामे रनर टाकू नका. पीएसचे तुकडे बारीक करून छोट्या काचेच्या बाटलीत मॉडेल सिमेंटमध्ये दोन दिवस भिजत ठेवले की त्याच रंगाची लापशी तयार होते. पुढच्या वेळी चाकू खोल गेला किंवा सांध्यात फट राहिली की ती भरा, आठवडाभर वाळू द्या आणि घासा. बाटलीवर रंग आणि तारीख लिहून ठेवा. आमच्या फळीवर आज अशा नऊ बाटल्या आहेत, आणि सगळ्यात लवकर संपते ती पांढऱ्याची.